अंतराळावरील खर्च आणि कोरडवाहू शेत



२०२२ सालच्या गुढीपाडव्याच्या, म्हणजे २ एप्रिलच्या, सायंकाळी विदर्भातील असंख्य लोकांनी एक अपूर्व देखावा पाहिला. दिवेलागण होऊन थोडा वेळ लोटला होता. इतक्यात आकाशात जळत्या पलित्यांची एक रांग उमटली आणि सावकाश सरकत सरकत दिसेनाशी झाली. कोणी तिला उल्कापात म्हटले, कोणी विमान पेटले असे मानले, कोणास तो अपशकुन वाटला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी धातूचे एक भलेमोठे कडे आभाळातून येऊन पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. चीनने पूर्वी सोडलेल्या एका अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे अनुमान तज्ज्ञांनी पुढे काढले.

ज्या खेड्यातील मनुष्य अंतराळविद्येचा कधी विचार करीत नाही, त्याच्या अंगणाजवळ ती विद्या अशी अवचित येऊन आदळली. तेव्हा त्याच्या मनात एक प्रश्न उठल्यास त्यास दोष देता येत नाही. या महागड्या खटाटोपाचा आपल्याशी संबंध तो काय? तो चीनने केला काय आणि आपल्या सरकारने केला काय, गावच्या विहिरीला त्याने पाणी येते काय, कापसाला भाव मिळतो काय?

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न विशेष तीव्रतेने विचारला जातो, आणि त्यास कारणही तसेच आहे. हा जिल्हा कापसाचा. जमीन काळी, पण बहुतांश शेती कोरडवाहू. मृगाचा पाऊस वेळेवर न आला तर पेरणी दुबार करावी लागते, आणि आश्विनात अवेळी आला तर फुटलेली बोंडे भिजून जातात. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले जाते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ने श्रीहरिकोट्याहून उड्डाण केले. त्यानंतर आठच दिवसांनी, २२ जुलैला, महागाव तालुक्यात असा प्रलयकारी पाऊस झाला की आनंदनगर तांड्यावरील माणसे पुराने वेढली गेली व त्यांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली. यान त्या वेळी पृथ्वीभोवती घिरट्या घालीत चंद्राच्या वाटेवर होते. २३ ऑगस्ट रोजी ते चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुखरूप उतरले, तेव्हा घाटंजीपासून उमरखेडपर्यंत शाळाशाळांतून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या खोट्या नव्हत्या. पण ज्याचे पीक महिन्यापूर्वी खरडून गेले होते, त्याचा प्रश्नही खोटा नव्हता. दोहोंचा मेळ बसतो की नाही, हे पाहणे हा या भाषणाचा उद्देश आहे.

प्रथम खर्चाचा हिशेब पाहू. २०२४-२५ सालच्या अंदाजपत्रकात केंद्र सरकारचा एकंदर खर्च ४८ लाख कोटी रुपयांहून थोडा अधिक धरला होता. त्यांपैकी अंतराळ विभागाच्या वाट्यास सुमारे १३ हजार कोटी रुपये आले. म्हणजे सरकारने हजार रुपये खर्च केले तर त्यांतील पावणेतीन रुपयांच्या आतच रक्कम या खात्यास लागते. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी वर्षाला नव्वद-पंचाण्णव रुपये पडतात. खुद्द चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. रक्कम अल्प आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही, हे खरे. गरिबाच्या घरात पाच रुपयांची उधळपट्टी झाली तरी ती उधळपट्टीच. परंतु हा खर्च थांबविला असता शेतकऱ्याचे सर्व दैन्य फिटले असते, ही समजूत मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. म्हणून रक्कम किती, यापेक्षा तिच्या मोबदल्यात काय पदरात पडते, हाच विचार सयुक्तिक होय.

सरकारने शास्त्रावर पैसा का खर्चावा, हा वाद नवा नाही. यवतमाळच्या शेजारीच, वर्धा नदीपलीकडे हिंगणघाट येथे, विल्यम लॅम्टन या इंग्रज मोजणीदाराची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. कन्याकुमारीपासून उत्तरेकडे त्रिकोणांची एक प्रचंड साखळी तो बांधीत चालला होता. हे काम करीत असतानाच १८२३ साली हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. ती साखळी पुढे वऱ्हाडातून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत गेली. या मोजणीच्या खर्चास मद्रासच्या सरकारात त्या वेळी विरोध झाला होता. कोणास श्रीरंगपट्टणास जायचे असेल तर त्याने आपल्या पालखीच्या भोयांस तसे सांगावे, ते बरोबर पोचवितील. त्यासाठी तारे आणि कोन मोजण्याची गरज काय, असा आक्षेप तेथील एका वित्ताधिकाऱ्याने घेतला म्हणतात. आक्षेप विनोदी वाटतो, पण त्या क्षणापुरता तो बिनतोड होता. भोयांस वाट ठाऊक होती. मात्र पुढे देशाचे अचूक नकाशे तयार झाले ते याच मोजणीच्या आधारावर. ज्या उपयोगांची लॅम्टनच्या काळी कोणास कल्पनाही नव्हती, ते त्या नकाशांतून निघाले.

पण या कथेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. ती मोजणी कंपनी सरकारने आपल्या राज्यकारभाराच्या सोयीसाठी केली. तिचा पहिला लाभ राज्यकर्त्यांस झाला, रयतेस नव्हे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद लोहवाट खासगी भांडवलावर झाली, ती वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेता यावा म्हणून. जेथे नफा दिसतो तेथे भांडवल आपण होऊन येते. उलट, तीन एकरांच्या कोरडवाहू शेतावर पाऊस केव्हा पडेल हे सांगण्यात कोणास नफा आहे? हे काम सर्वांच्या पैशाने सर्वांसाठीच करावे लागते. आणि ज्याअर्थी पैसा सर्वांचा, त्याअर्थी फळही सर्वांपर्यंत पोचले पाहिजे. सरकारी अंतराळकार्याचे समर्थन याच एका पायावर उभे राहू शकते.

भारतात हे कार्य सुरू करणाऱ्यांस याची जाणीव होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून पहिला अग्निबाण सुटला. तो अमेरिकन बनावटीचा होता आणि तेथील एका जुन्या चर्चच्या इमारतीतच शास्त्रज्ञांची कचेरी होती. डॉ. विक्रम साराभाई यांची भूमिका अशी होती की, चंद्रावर माणूस पाठविण्यात श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची हाव भारताने धरू नये. पण देशातील माणसांच्या प्रश्नांस ही विद्या लावण्यात मात्र कोणाच्या मागे राहू नये. त्यांच्या पश्चात १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैपर्यंत अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीने शेती, आरोग्य व शिक्षण यांचे पाठ देण्यात आले. महाराष्ट्राची खेडी त्या प्रयोगात नव्हती. पण खेड्याला विजेआधी, रस्त्याआधी ज्ञान पोचविता येते, हे त्यातून सर्व देशास दिसले.

या इतिहासात एक मराठी नाव विशेष स्मरणीय आहे. डॉ. वसंत गोवारीकर हे थुंबा येथे अग्निबाणांचे घन इंधन सिद्ध करणाऱ्यांत अग्रणी होते व पुढे तेथील केंद्राचे संचालक झाले. हेच गृहस्थ नंतर पावसाच्या अभ्यासाकडे वळले. समुद्राचे व हवेचे सोळा घटक विचारात घेऊन मोसमी पावसाचे भाकीत करण्याची जी पद्धत १९८८ पासून देशात वापरली गेली, ती त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. अग्निबाण आणि पाऊस यांत सामान्य माणसास संबंध दिसत नाही. गोवारीकरांस तो दिसला. ती पद्धत पुढे अपुरी ठरली. २००२ साली पाऊस साधारण होईल असे भाकीत असता देशात मोठे अवर्षण पडले. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. चूक उघडी पडली म्हणूनच पद्धती बदलल्या गेल्या, आणि शास्त्राची वाटचाल अशीच होत असते.

आता उपग्रह नेमके काय करतो ते पाहू. काही उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथे पृथ्वीप्रदक्षिणेस बरोबर एक दिवस लागत असल्यामुळे ते एकाच जागी टांगल्यासारखे दिसतात व सतत त्याच प्रदेशावर नजर ठेवतात. आपले हवामानाचे उपग्रह या जातीचे. विदर्भाच्या पावसाचा मोठा भाग बंगालच्या उपसागरात जन्म घेतो. तेथे उठलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगडावरून पश्चिमेकडे सरकतात आणि वर्धा-पैनगंगेच्या खोऱ्यांत बरसतात. समुद्रावर ना वेधशाळा, ना तलाठी. तेथील ढगांची हालचाल दिवसरात्र पाहणारा डोळा आकाशातच असावा लागतो.

या डोळ्याची किंमत ओडिशाने जाणली आहे. १९९९ च्या ऑक्टोबरातील महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१९ च्या मे महिन्यात फनी हे भयंकर वादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे बारा लाख लोकांस आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. हे श्रेय एकट्या उपग्रहाचे नव्हे. किनाऱ्यावर निवारे बांधले गेले होते, गावोगाव स्वयंसेवक तयार होते, आणि सांगितलेले ऐकण्याइतका विश्वास लोकांत निर्माण झाला होता. उपग्रहाने वेळ मिळवून दिला. त्या वेळेचे सोने माणसांनी केले.

दुसऱ्या जातीचे उपग्रह काहीशे किलोमीटर उंचीवरून उत्तर-दक्षिण फिरतात व भूमीचे निरीक्षण करतात. भारताचा असा पहिला पूर्ण कामाचा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी रशियन अग्निबाणाच्या साहाय्याने कक्षेत गेला. त्याच साली नागपूर येथे महाराष्ट्राचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. यांची युक्ती समजण्यास कठीण नाही. हिरवे, निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि तांबड्यापलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पीक तहानले वा रोगट झाले की हे प्रमाण बिघडते. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो, आणि कोणत्या मुलखात पीक जोमदार आहे व कोठे ते सुकत आहे, याचा नकाशा तयार होतो. खरिपात आकाश ढगांनी झाकलेले असते, ही मोठी अडचण. तीवर उपाय म्हणून २०१२ साली रडारलहरींनी ढगांआडूनही पाहणारा भारतीय उपग्रह सोडण्यात आला. याच वर्षी दिल्लीत महालनोबिस यांच्या नावाचे पीक-अनुमान केंद्र सुरू झाले. कापूस किती येईल याचा अंदाज हंगामातच बांधण्याचे काम त्याच्याकडे आहे.

पाण्याची गोष्ट याहून जवळची. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा. या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरांत साठते. म्हणून एका बांधावर विहीर भरते आणि पन्नास हातांवर दुसरी कोरडी जाते. पूर्वेकडे वणी भागात चुनखडक व कोळशाचे थर लागतात, तेथील भूजलाची तऱ्हा निराळी. जमिनीवर उभे राहून दिसत नाहीत अशा लांबच लांब भेगांच्या रेषा आकाशातून घेतलेल्या चित्रांत स्पष्ट उमटतात. त्यांवरून देशाचे भूजल-संभाव्यता नकाशे करण्याचे काम पेयजल मोहिमेखाली झाले. विहिरीसाठी कर्ज काढून कोरडा खड्डा पदरी पडलेल्या माणसास अशा नकाशाचे मोल सांगावे लागत नाही. मात्र या जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण घातक आहे, ते उपग्रहास दिसत नाही. त्यासाठी पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेतच न्यावे लागते.

या जिल्ह्यातून निघालेली आणखी एक कथा येथे सांगण्यासारखी आहे. टिपेश्वरच्या अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या व वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी एक पट्टा बांधला. तो पट्टा उपग्रहांच्या आधारे आपली जागा कळवीत असे. जूनमध्ये वाघ टिपेश्वर सोडून निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडून, शेतांतून, नाल्यांतून, हमरस्ते पार करीत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकंदर सुमारे ३,००० किलोमीटरांच्या त्याच्या भ्रमंतीची नोंद झाली. दिवसा झुडपांत पडून राहावे आणि रात्री चालावे, हा त्याचा क्रम होता. वाघ कोणत्या वाटांनी हिंडतात हे त्यामुळे प्रथमच इतक्या तपशिलाने कळले. रस्ता वा कालवा काढताना कोणती वाट मोकळी ठेवावी, रात्री कापसाच्या ओलितास जाणाऱ्या माणसास कोठे सावध करावे, हे ठरविण्यास अशी माहिती उपयोगी पडते. ज्या उपग्रहांनी ही जागा सांगितली, त्यांची योजना अमेरिकेने मूळ लष्करासाठी केली होती. आपल्या देशानेही २०१३ पासून स्वतःचे दिशादर्शक उपग्रह सोडण्यास आरंभ केला. रणांगणासाठी केलेली सोय टिपेश्वरच्या रानात उपयोगी पडेल, असे तिच्या योजकांच्या स्वप्नातही नसेल.

येथवर जमेची बाजू झाली. आता उणीव सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण केवळ स्तुतिपाठ ठरेल.

उपग्रहास पान दिसते. बोंडात शिरलेली गुलाबी अळी दिसत नाही. २०१७ साली या अळीने जिल्ह्यातील कापूस पोखरला, आणि त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर प्राणास मुकले. त्यांस आकाशातून कोणती मदत मिळू शकत होती? त्यांस हवा होता गावात येऊन सांगणारा कृषिसेवक, तोंडास बांधण्यास योग्य साधन, आणि जवळचे सुसज्ज रुग्णालय. कापसाच्या ओळींत तूर घेतली की उपग्रहाचे अनुमानही घोटाळते. कापसास भाव काय मिळावा, सावकाराचे व्याज किती असावे, हे तर कोणत्याही कक्षेतून ठरत नाही.

याहून मोठी उणीव शेवटच्या मैलाची आहे. माहिती ३६,००० किलोमीटर खाली येते आणि तालुक्याच्या कचेरीपासून गावापर्यंतच्या दहा कोसांत अडखळते. हवामान खात्याच्या सहकार्याने शेतकऱ्यास जिल्हापातळीवर सल्ला देणारी १९९ केंद्रे २०१८ नंतर देशभर उघडण्यात आली होती. २०२४ च्या मार्चमध्ये ती बंद करण्यात आली. कोट्यवधींच्या उपग्रहाने काढलेला निष्कर्ष शेतकऱ्यास त्याच्या भाषेत सांगणारा माणूस तुलनेने फार थोड्या वेतनावर मिळतो. तेथेच काटकसर केली तर वरचा सर्व खर्च अंगावर येतो. विहीर खणावी आणि दोर घेण्यास पैसे नाहीत म्हणावे, तशातला हा प्रकार होय.

पीकविम्याच्या बाबतीत मात्र एक आशेचे चिन्ह दिसते. नुकसान किती झाले हे ठरविण्यासाठी पूर्वी केवळ पीककापणीच्या प्रयोगांवर भिस्त असे, आणि त्यांवरून तंटे होत. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांच्या, आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनच्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना उपग्रहादी साधनांनी काढलेल्या आकड्यास तीस टक्के वजन देण्याची पद्धत सुरू झाली. सोयाबीन हे आज यवतमाळचे मोठे पीक आहे. हे वजन शेतकऱ्याच्या न्यायासाठी वापरले गेले तर उपग्रह त्याचा साक्षीदार ठरेल; त्याचा दावा फेटाळण्यासाठी वापरले गेले तर तोच उपग्रह त्यास वैरी वाटू लागेल. यंत्रास पक्ष नसतो. ते वापरणाऱ्यास असतो. म्हणून ही आकडेवारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लावली जाणे, आणि तीवर हरकत घेण्याचा मार्ग शेतकऱ्यास खुला असणे, हे अत्यावश्यक आहे.

कोणी म्हणेल, शेती, पाणी, वादळ हे सर्व समजले. पण चंद्रावर जाण्याने शेतकऱ्यास काय मिळते? याचे उत्तर दोन परींनी देता येते. एक तर, जी माणसे, जे कारखाने आणि जी शिस्त हवामानाचा उपग्रह घडविते, तीच चंद्रयान घडविते. २०१९ च्या सप्टेंबरात चांद्रयान-२ चे उतरणारे यान चंद्रावर आदळून नष्ट झाले. चार वर्षांनी त्याच मंडळींनी चुका शोधून दुसरे सुखरूप उतरविले. अवघड काम अंगावर घेतल्यावाचून असे कसब येत नाही आणि टिकतही नाही. दुसरे उत्तर ज्ञानाच्या स्वतःच्या मोलाचे. मेहकरजवळ लोणारचे सरोवर आहे. आकाशातून आदळलेल्या पाषाणाने काळ्या खडकात ते विवर पाडले. चंद्रावरील विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ याच लोणारची माती तपासावयास येतात, कारण चंद्राच्या काळ्या मैदानांचा खडकही याच जातीचा. म्हणजे वऱ्हाडच्या कुणब्याच्या पायांखाली जो दगड आहे, त्याचाच भाऊबंद चंद्रावर आहे. हे कळल्याने त्याच्या घरात धान्य येत नाही. पण धान्याखेरीज दुसरे काही जाणण्याचा हक्क गरिबास नाही, असे म्हणणे हा त्याचा कळवळा नव्हे, अपमान आहे. त्याच्या मुलीने शाळेत चांद्रयानाचे चित्र काढले, तर ती चैन करीत नाही.

तेव्हा निष्कर्ष काय? सरकारने अंतराळकार्यावर खर्च करावा, हे खचित. परंतु त्या खर्चाचा ताळेबंद श्रीहरिकोट्यास मांडून चालणार नाही. तो घाटंजीच्या, मारेगावच्या, महागावच्या बांधावर मांडला गेला पाहिजे. पेरणीआधीच्या आठवड्यात शेतकऱ्यास पावसाचा विश्वसनीय सल्ला मिळाला काय? विहिरीची जागा ठरविताना भूजलाचा नकाशा त्याच्या हाती आला काय? पूर येण्यापूर्वी नदीकाठच्या तांड्यास उठविण्यासाठी कोणी माणूस धावला काय? दरवर्षी हे तीन प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे जिल्ह्यात जाहीर व्हावीत. ज्या वर्षी ती समाधानकारक येतील, त्या वर्षी माणशी नव्वद-पंचाण्णव रुपयांचा हा खर्च कोणीही कोरडवाहू शेतकरी मनापासून मान्य करील. तोवर त्याने प्रश्न विचारीत राहावे, आणि राज्यकर्त्यांनी तो शास्त्राचा शत्रू न मानता त्याचे म्हणणे ऐकावे. अग्निबाणास लागणारा पैसा त्याच्याही कापसातून गेलेला आहे.